पाव फेरा

माउथपीसच्या आतल्या बाजूला दातांखाली धरायला रबराच्या दोन छोट्या गुट्ट्या असतात. दादाच्या माउथपीसची डावी गुट्टी आरपार तुटली होती आणि उजवी एका पापुद्र्यावर लोंबत होती. रबर जुनं झालेलं नव्हतं. ते अजून काळंभोर होतं, वाकवलं तरी भेग दिसत नव्हती. मागच्या सर्व्हिसिंगला धाकटीने तो माउथपीस पाकिटातून काढून स्वतःच्या हाताने बसवला होता. पाण्याखाली निवांत असलेला माणूस माउथपीस चावत नाही. ओठांनी धरतो, दात नुसते टेकवतो. कितीतरी दिवस वापरलेल्या माउथपीसवरही दातांचे उथळ ठसे तेवढे सापडतात. इथे दात रुतले होते.

तिने प्लास्टिकचा पट्टा कापून तो काढला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि सेकंड स्टेजचं झाकण उघडायला घेतलं.

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. वयाने ती आता कुणाच्याच हिशेबात धाकटी राहिली नव्हती. पण घरात दादा, वहिनी आणि ती एवढीच माणसं, त्यामुळे ते पद घ्यायला नवीन कुणी आलंच नाही. ती एका प्रयोगशाळेत दाबमापकं तपासायची. कारखान्यांतून आलेलं गेज खरं बोलतं की खोटं, हे ठरवणं हे तिचं काम. सुट्टीच्या दिवशी घरी दादाच्या टोळीतल्या पाणबुड्यांचे रेग्युलेटर यायचे. त्यासाठी तिने रजा काढून तंत्रज्ञांचा कोर्स केला होता. वर्कशॉपमध्ये दिलेला रेग्युलेटर कधी परत येईल याचा नेम नसायचा, आणि आला तरी दादा त्याकडे संशयाने बघायचा. "ज्याला माझं तोंड माहीत नाही, त्याने माझी हवा का ठरवायची?" असं त्याचं म्हणणं.

स्वयंपाकघराच्या मागची, पूर्वी कपडे धुवायची खोली तिने या कामाला घेतली होती. फरशीचा ओटा, खोल सिंक, उंचावर एक खिडकी. टेबलावर पांढरा जुना टॉवेल पसरलेला, म्हणजे बारीक सुटे भाग घरंगळत नाहीत आणि पडले तर दिसतात. कोपऱ्यात हवेची टाकी साखळीने नळाच्या पाइपाला बांधलेली. भिंतीवर लाकडी फळी, तिच्यावर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली पारदर्शक नळी, नळीत निळं पाणी आणि मागे सेंटिमीटरच्या रेघा. खोलीला कायम व्हिनेगरचा वास. वहिनी म्हणायची, "या घरात कपडे धुवायला जागा नाही, पण लोकांची नळकांडी धुवायला आहे."

टाकीत प्रचंड दाबाखाली कोंबलेली हवा माणसाच्या तोंडाला सोसेल इतकी मवाळ करून देणं, एवढंच रेग्युलेटरचं काम. ते तो दोन टप्प्यांत करतो. टाकीच्या तोंडावर बसते ती फर्स्ट स्टेज. ती दाब एकदम खाली आणते. तिथून नळीने हवा तोंडापाशी येते, सेकंड स्टेजमध्ये. तिथे एक पातळ पडदा असतो. माणसाने श्वास ओढला की पडदा आत झुकतो, एक लिव्हर दाबतो, झडप उघडते, हवा येते. श्वास थांबला की स्प्रिंग झडप बंद करते. स्प्रिंग किती ताठ ठेवायची ते एका छोट्या नटावर ठरतं. नट आवळला तर श्वास जोराने ओढावा लागतो, सैल केला तर हवा अलगद येते. ही ओढ भिंतीवरच्या नळीत मोजता येते. पाणी किती सरकल्यावर झडप उघडली ते बघायचं. तीन सेंटिमीटरच्या आसपास उघडली, की ठीक.

सगळं पुसून, रबराच्या नव्या ओ-रिंगा घालून तिने दादाची सेकंड स्टेज परत जोडली होती, मात्र नटाला हात लावला नव्हता. आता तिने ती टाकीला आणि भिंतीवरच्या नळीला जोडली आणि हळूहळू हवा ओढली. पाणी जेमतेम दीड सेंटिमीटर सरकलं आणि झडप फिस्सकन उघडली. तिने सेकंड स्टेज हातात घेतली, माउथपीस बसतो ते तोंड वर केलं आणि कडेवर बोटाने टिचकी मारली. हवा आपणहून वाहायला लागली. थांबेना. तळव्याने तोंड झाकलं तेव्हा कुठे गप्प झाली.

पाण्याखाली असं झालं तर टाकी बघता बघता रिकामी होते. ही करामत दुसऱ्या कुणाची नव्हती, तिचीच होती.

पहिल्यांदा दादा म्हणाला होता, "जड ओढतोय गं हा." तिने रेग्युलेटर उघडला, आतलं मीठ काढलं, स्प्रिंग बदलली. पाणी बरोबर तीनवर सरकत होतं. तरी दादाचं समाधान होईना, म्हणून तिने नट पाव फेरा सैल केला. "आता कसं!" तो म्हणाला आणि तिच्या डोक्यावर टपली मारून गेला. पुढच्या खेपेला तेच गाऱ्हाणं, पुन्हा पाव फेरा. त्यावेळी तिला थोडं विचित्र वाटलं होतं, पण जो पाण्यात उतरतो त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, अशी तिने मनाची समजूत घातली. तिसऱ्या खेपेला समजूत घालायला काही उरलं नव्हतं. पाव फेरा मात्र तिने दिला.

कारण तोवर तिने बाकीचंही पाहिलं होतं. दादा जिना चढताना मधल्या वळणावर थांबायचा आणि बुटाची नाडी बांधायचा. नाडी सुटलेली नसायची. मोजे काढले की त्याच्या घोट्यांवर खोल वळ राहायचे आणि बराच वेळ भरून यायचे नाहीत. ती काही डॉक्टर नव्हती. पण पंप आणि झडपा तिला कळत होत्या. कारखान्यातला असो की छातीतला, पंप थकला की पाणी कुठे साठतं हे समजायला वैद्यकी शिकावी लागत नाही.

"येऊ का आत, की काही फुटणार आहे?" वहिनी दारात उभी होती. हातात चहाचे दोन कप.

"ये. काही फुटत नाही."

वहिनीने एक कप ओट्यावर ठेवला, दुसरा स्वतः घेऊन स्टुलावर टेकली. "तुझी उशी शोधत होतीस ना सकाळी? तुझ्या लाडक्या दादाने पळवली. दोन होत्या, आता तीन लागतात साहेबांना. मी म्हटलं, सिंहासनच करून घे की एक."

"आडवा झोपत नाही?"

"आडवा कसला! काल तर खुर्चीतच बसून झोपला. म्हणे उकडतंय. मी पांघरूण घेऊन कुडकुडत होते आणि याला उकडतंय." वहिनी हसली, मग चहाकडे बघत राहिली. "वय होतं गं. माझेही गुडघे बोलायला लागलेत. पण माझे गुडघे निदान घरातच असतात."

धाकटीने हातातला पाना टॉवेलवर ठेवला. आता सांगावं. वहिनीला आधी सांगावं, मग दोघींनी मिळून त्याला. वाक्य तयार होतं; तिने ते ऑफिसच्या वाटेवर, आंघोळ करताना, भाजी निवडताना कितीदा तरी जुळवलं होतं.

"वहिनी, नवीन माउथपीस कुठे ठेवलेत मी, बघितलेस?" ती म्हणाली.

"तुझ्या वस्तूंना मी हात लावत नाही बाई. एकदा ती रबरी रिंग मी केसांना लावली होती, तर आठवडाभर ऐकवलंस." वहिनी उठली. कप उचलताना तिने टेबलावरच्या सुट्या भागांकडे नजर टाकली. "सगळं ठीक आहे ना याचं?"

"रेग्युलेटर ठीक होईल."

"मग झालं. तू बघतेस म्हणून मला घोर नाही. नाहीतर तो परवा त्या बोगद्यात शिरणार म्हटल्यावर मला घास गेला नसता."

वहिनी गेल्यावर धाकटीने नवा माउथपीस शोधून काढला आणि बसवला.

परवाचं काम वीजकेंद्राचं होतं. केंद्राची यंत्रं थंड करायला समुद्राचं पाणी एका बंदिस्त बोगद्यातून आत घेतात. त्याच्या टोकाची जाळी शिंपल्यांनी तुंबली होती. आत शिरून ती साफ करायची. वर काँक्रीटचं छत. जीव घाबरला म्हणून सरळ वर यायची सोय नाही. आलो त्याच वाटेने मागे जायचं. दादा आणि टोळीतला त्याचा जोडीदार बेडूक, दोघं आत जाणार होते. दादाची वैद्यकीय तपासणी व्हायला अजून अवकाश होता, आणि मागच्या तपासणीत डॉक्टरांनी "काय, तब्येत कशी आहे?" एवढंच विचारून सही केली होती असं त्यानेच हसत हसत सांगितलं होतं.

न सांगण्याची कारणं तिच्याजवळ होती. आईवडील गेले तेव्हा ती शाळेत होती. दादाने शिक्षण सोडलं, गोदीवर जहाजांची बुडं खरवडायला लागला. तिची पुस्तकं, फी, चष्मा, सगळं त्या पाण्यातून वर आलं होतं. याचा उच्चार त्याने कधी केला नाही, म्हणून तर जास्त जड होतं ते. आणि दुसरं कारण म्हणजे मास्तर. दादाला ज्याने हे काम शिकवलं त्या म्हाताऱ्याला सगळे मास्तर म्हणत. कानाचे पडदे गेले म्हणून कंपनीने त्याला पाण्यातून काढून वर बसवलं. मग तो रोज धक्क्यावरच्या बाकावर येऊन बसायचा, दोर असा बांध, टाकी तशी धर, सांगत राहायचा. आधी पोरं हो म्हणत, मग नुसती मान हलवत, मग तेही बंद झालं. शेवटी तो इस्त्रीचा शर्ट घालून, घरच्या पलंगावर गेला. त्याला पोचवून आल्यावर दादा म्हणाला होता, "पाण्यात गेला असता तर निदान माणूस म्हणून गेला असता."

त्या वाक्याला ती घाबरत होती. बोगद्यापेक्षाही जास्त.

तिने पाना उचलला. नट पाव फेरा आवळला. मग आणखी पाव. मग आणखी पाव. पुन्हा नळीला लावून ओढून बघितलं: पाणी तीनच्या रेघेला लागलं आणि झडप उघडली. टिचकी मारली, गप्प. फर्स्ट स्टेजचं गेज साडेनऊवर, म्हणजे हवं तिथे, येऊन थांबलं होतं आणि तिथून हललं नव्हतं. पाण्याच्या टबात सगळं बुडवून पाहिलं, एक बुडबुडा नाही. आता हा रेग्युलेटर कुणाच्याही तोंडात द्यावा असा होता.

आपण काय करतोय हेही तिला कळत होतं. जे स्वतःच्या तोंडाने सांगवत नव्हतं ते ती पितळेच्या तुकड्याकडून सांगवून घेणार होती. दादा ओढून बघेल, त्याला जड लागेल, मग तो स्वतःच काय ते समजेल. प्रयोगशाळेत कुणी असा प्रयोग मांडला असता तर तिने त्याला भित्रा म्हटलं असतं.

दुपारी दोघं आले. आधी बेडकाचा आवाज आला, मग बेडूक. लांब पाय, पसरट पंजे. टोळीत पहिल्या दिवशी त्याला ते नाव पडलं आणि चिकटलं. त्याच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा मित्रांनी पेनाने तेच लिहिलं होतं म्हणे.

"ताई, माझं पिल्लू न्हाऊमाखू घातलं का?"

"झालं. आत काय काय निघालं माहीत आहे? वाळू, मीठ आणि एक मेलेला किडा."

"तरीच म्हटलं, हल्ली श्वास घेतला की पोट भरतं."

दादा मागून आला. तीन पायऱ्या चढून आत आला आणि दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभा राहिला, जणू काही सहज, खोली बघायला. बोलायला त्याने थोडा वेळ घेतला. "काय मास्तरीणबाई. पेशंट कसे आहेत?"

"बस ना दादा."

"उभाच बरा आहे."

या घरात एक नियम होता आणि तो दादानेच घातलेला: जो खाली जाणार, त्यानेच रेग्युलेटरचा पहिला श्वास इथे, टेबलापाशी घ्यायचा. दुसऱ्याने घेतलेला श्वास चालत नाही. बेडकाने आपला रेग्युलेटर तोंडात धरला. आधी टाकी बंद ठेवून ओढला. हवा आली नाही, म्हणजे पडदा कुठे फाटलेला नाही. मग तिने भिंतीवरच्या नळीचं बारीक टोक माउथपीसच्या कोपऱ्यात अडकवलं आणि टाकी उघडली. तो दोन-चार श्वास घेऊन थांबला, अंगठा वर केला, आणि माउथपीस तोंडातच ठेवून काहीतरी म्हणाला.

"काढून बोल रे," दादा म्हणाला.

"एकदम झकास म्हटलं. ताई, तुम्ही माझ्या सासूचाही एकदा नट बघा."

मग तिने दादाचा रेग्युलेटर तसाच टाकीला आणि नळीला लावला. दादाने तो घेतला, बाहीने माउथपीस पुसला आणि ओढला. एक श्वास. दुसरा. भुवया जवळ आल्या. तिसरा श्वास अर्धवट तुटला. त्याने तो तोंडातून काढला आणि उलटसुलट करून बघितला, जणू वस्तू बदलली आहे की काय.

"हे काय केलंस? हा तर आधीपेक्षा जड."

"बरोबर लावलाय. तीनवर. बेडकाचाही तीनवरच आहे."

"बरोबर कसा? दगड ओढल्यासारखा वाटतोय." त्याने आणखी एक श्वास घेऊन पाहिला. भिंतीवरच्या नळीत पाणी भसकन खाली गेलं, परत आलं, पुन्हा अर्ध्यावर गेलं. झटके देत, थोडंथोडं. बेडकाच्या वेळी ते एका लयीत वर-खाली झालं होतं. तिने नळीवरची नजर काढून घेतली.

"दाखव इकडे," बेडूक म्हणाला. त्याने दादाचा रेग्युलेटर घेतला, माउथपीस पुसायच्या भानगडीत न पडता तोंडात घातला आणि डोळे मिटून श्वास घेतला. मग आणखी एक, संथ, लांबलचक. "अरे दादा, हा तर गादी आहे! यावर मी झोपेन. तुला काय पाहिजे, आईने फुंकर घालावी तशी हवा?"

"तुझा दे मला."

बेडकाने आपला दिला. दादाने तो ओढला. धाकटी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, त्याच्या मानेकडे बघत होती. गळ्याच्या खालची खळगी प्रत्येक श्वासाला आत जात होती, आणि दोन्ही बाजूंच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या.

"हाही जड आहे," दादा म्हणाला. "दोन्ही बिघडवलेत हिने."

"घ्या! म्हणजे आता ताईच्याच नावाने." बेडूक टेबलावर रेलला. अजून त्याला हे सगळं गमतीचंच वाटत होतं. "ताई, तुम्ही मनावर घेऊ नका. दादाला कितीही हवा दिली तरी कमीच. पूर्वी माझी टाकी आधी संपायची, आता याची संपते. मागच्या खेपेला तर माझीच हवा पिऊन वर आला पठ्ठ्या."

"गप रे," दादा म्हणाला.

"काय झालं होतं मागच्या खेपेला?" धाकटीने विचारलं.

"काही नाही गं. दोर अडकला होता."

"दोर कुठे अडकला होता? दोर तर—" बेडूक बोलता बोलता दादाकडे बघून थांबला.

"बेडका, मी तुला विचारतेय. नीट सांग."

बेडकाने पाय बदलला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "म्हणजे ताई, तसं विशेष नाही. धक्क्याच्या खांबांत होतो. दादाने खूण केली, हवा संपली. मी म्हटलं मस्करी करतोय, कारण माझी अर्धीही संपली नव्हती. मग बघतो तर याचे डोळे असे. माझा जादाचा माउथपीस दिला त्याला. वर आलो. तशी प्रॅक्टिस असतेच आमची."

"तो माउथपीस तू दिलास, की त्याने घेतला?"

बेडकाचा हात आपोआप ओठाकडे गेला. वरच्या ओठाच्या कोपऱ्यावर एक लहानसा, नुकताच भरत आलेला चिरा होता. कित्येक दिवसांपासून तो तिथे असणार. तिने त्याला विचारलं नव्हतं.

"तुझ्या तोंडातला ओढून घेतला?" ती म्हणाली.

"घाईत होतं असं. कुणाचंही होतं," बेडूक म्हणाला. "वर आल्यावर त्याने माझी माफीही मागितली. दादा माफी मागतो म्हणजे बघा. मी तर घरी सांगितलं, दाढी करताना कापलं म्हणून."

टाकीची झडप बारीक सुरसुरत होती. तिने हात लांब करून टाकी बंद केली. बोगद्याचं चित्र तिच्या डोळ्यांसमोर मोजमापासह उभं राहिलं: रुंदी दोन माणसांची, वर छत, आत गाळ उडून काही दिसेनासं झालेलं, बाहेरचं तोंड मागे दूर. दोघांना मिळून एक टाकी. दादाने आजवर कुणाचं वाकडं केलं नव्हतं. पण हवेसाठी तडफडणारा माणूस दादा नसतो, कुणीच नसतो. तो समोरच्याच्या तोंडातलं काढून घेतो. आणि हा लांब पायांचा पोरगा परवासुद्धा आपलं तोंड त्याच्यापुढे करणार होता, वर विनोद करणार होता.

"झालं तुमचं कोर्टकचेरीचं?" दादा म्हणाला. चेहऱ्यावर हसू होतं, पण कपाळावर घाम आला होता आणि दुपार गरम नव्हती. तो शेवटी स्टुलावर बसला. "ऐक धाकटे. माझं तोंड मला माहीत आहे. तू तो नट होता तसा कर."

"होता तसा केला तर तो आपोआप वाहायला लागतो. मी बघितलंय."

"मग होता त्याच्या जरा अलीकडे. पाव फेरा."

"दादा—"

"अगं पाव फेरा! जीव मागतोय का तुझा?" तो खोकला. खोकला लांबला. वहिनी स्वयंपाकघरातून पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि दारातच थबकली. दादाने हाताने तिला काही नाही अशी खूण केली. मग खालच्या आवाजात, फक्त धाकटीला ऐकू जावं अशा बेताने, पण त्या लहानशा खोलीत ते सगळ्यांनाच ऐकू गेलं: "परवाचं एवढं होऊ दे. मग तू म्हणशील तसं. मला त्या बाकावर बसवू नकोस गं."

वहिनीने बेडकाकडे पाहिलं. बेडूक फरशीकडे बघत होता. मग वहिनीने धाकटीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत नेहमीचाच प्रश्न होता, सगळं ठीक आहे ना. फक्त या वेळी तो तिने तोंडाने विचारला नाही.

पाना टॉवेलवर पडला होता. सेकंड स्टेजचं झाकण फिरवलं की निघणार होतं. काढायचं, नटाला पाना लावायचा, मनगट किंचित वळवायचं. तिच्या हाताला ती हालचाल पाठ होती. दादा हसला असता, टपली मारून गेला असता. त्याला नाही म्हटलं तर तो हा रेग्युलेटर उचलून दुसऱ्या कुणाकडे जाईल, कुणीतरी नट सैल करून देईल, हेही तिला माहीत होतं. म्हणजे नुसतं रेग्युलेटरबद्दल नाही म्हणणं पुरेसं नव्हतं. इतके दिवस ती पितळाबद्दलच बोलत होती.

तिने दादाचा रेग्युलेटर टाकीवरून सोडवला आणि दोन्ही हातांत धरला. समोर बसलेला माणूस वाट बघत होता, तोंड किंचित उघडं, खांदे प्रत्येक श्वासाबरोबर वर जात होते. हे खांदे तिने लहानपणापासून पाहिले होते. त्यांवर बसून ती शाळेत गेली होती, वाटेत पाणी साचलेलं असायचं तेव्हा. तयार करून ठेवलेलं लांबलचक वाक्य, त्यातले सगळे "कदाचित" आणि "एकदा दाखवून तर घेऊ", तिला आठवेना.

"बिघाड यात नाहीये, दादा," ती म्हणाली. "तू आता पाण्यात उतरायचं नाहीस. परवा नाही आणि नंतरही नाही. सुपरवायझरला तू आज सांग. तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार आहे."